व्हिसलिंग स्ट्रेट्स: हा बंकर की नुसतीच वाळू?

व्हिसलिंग स्ट्रेट्स हे अमेरिकेतलं गोल्फचं मैदान. विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीहून गाडीने उत्तरेला निघालं की तासाभरात शबॉयगन मागे पडतं. दोन्ही बाजूंना सपाट शेतं. मग अचानक वाळूच्या टेकड्या, वाऱ्याने आडवं झालेलं गवत आणि पलीकडचा काठ न दिसणारं मिशिगन सरोवर. वाटतं, हे युगानुयुगं असंच असणार. प्रत्यक्षात इथे विमानविरोधी तोफांच्या सरावाचं लष्करी ठाणं होतं आणि जमीन जवळजवळ सपाट होती. उद्योगपती हर्ब कोहलर यांनी गोल्फ मैदानांचे रचनाकार पीट डाय यांना बोलावलं, हजारो ट्रक वाळू ओतली गेली आणि १९९८ साली हे मैदान खुलं झालं. आयर्लंडच्या किनाऱ्याची ही नक्कल इतकी बेमालूम आहे की मैदानावर मेंढ्यासुद्धा चरतात.

बंकर, म्हणजे खेळाडूला अडवणारे वाळूचे खड्डे, हजाराच्या आसपास. बरेचसे खेळात येतच नाहीत, नुसते शोभेला आहेत. पण शोभेच्या वाळूने काय होतं ते २०१० च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये दिसलं. ही गोल्फमधल्या चार सर्वांत मोठ्या, म्हणजे 'मेजर' स्पर्धांपैकी एक. शेवटच्या होलवर अमेरिकेचा डस्टिन जॉन्सन एका फटक्याने पुढे होता (गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो). त्याचा चेंडू उजवीकडे, प्रेक्षकांनी तुडवलेल्या वाळूच्या तुकड्यात गेला. हा बंकर आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्याने फटक्याआधी क्लब (गोल्फची काठी) वाळूला टेकवला, आणि बंकरमध्ये ते चालत नाही. दोन फटक्यांचा दंड, प्लेऑफची (बरोबरी सोडवणाऱ्या जादा होलांची) संधी गेली, आणि मार्टिन कायमरने बुबा वॉटसनला हरवून चषक नेला. सगळे बंकर बंकरच धरले जातील, अशी सूचना आधीच लावलेली होती, म्हणून नियमाला दोष देता येत नाही. तरी ती जागा शोधायला गेलात तर जॉन्सनची कीव येईल. २०२१ च्या रायडर कपमध्ये, म्हणजे अमेरिका विरुद्ध युरोप या सांघिक स्पर्धेत, त्याने इथेच पाचही सामने जिंकले आणि अमेरिकेने युरोपला १९-९ असं लोळवलं. म्हटलं तर फिटंफाट.

त्याआधी, २००४ मध्ये, विजय सिंगने इथली पहिली पीजीए जिंकली ती शेवटच्या दिवशी ७६ फटके खेळून! त्या फेरीत एकही बर्डी (होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) नाही. दिवसातली पहिली बर्डी थेट प्लेऑफमध्ये. २०१५ मध्ये जेसन डेने २० अंडर पार (ठरलेल्या फटक्यांपेक्षा, म्हणजे 'पार'पेक्षा, २० कमी) करून मेजर स्पर्धांचा तेव्हाचा विक्रम केला. आपल्याला अगत्य दुसऱ्या नावाचं: पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी त्याच स्पर्धेत संयुक्त पाचवा आला.

जाणाऱ्यांसाठी थोडं. इथे दोन मैदानं आहेत. स्पर्धा होतात ते स्ट्रेट्स, दुसरं आयरिश. बुकिंग करताना नाव नीट बघा. स्ट्रेट्सवर कार्ट (मैदानात फिरायची छोटी गाडी) नाही, बॅग वाहणाऱ्या, सल्ला देणाऱ्या कॅडीसोबत पायीच फिरायचं. चढउतार बरेच आहेत, त्यामुळे बूट वापरून मऊ झालेले हवेत. नवे कोरे इथे काढू नका. मैदान महागडं आहे, कॅडीचे पैसे आणि टिप त्यावर वेगळे, तेव्हा रोख जवळ असू द्या. हंगाम साधारण वसंतापासून शरदापर्यंत. ऐन उन्हाळ्यातही सरोवरावरून गार वारा येतो, म्हणून विंडचीटर बॅगेत हवाच.

चारही पार-३ होल (तीन फटक्यांत पुरे करायचे) पाण्याच्या कडेला आहेत. सर्वांत भीतीदायक सतरावा: डावीकडे कडा तुटून खाली सरोवर. कॅडी उजवीकडे मारायला सांगेल, मुकाट्याने ऐका. फुशारकीने मागच्या टीवरून (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा) खेळू नका. पुढच्या टीवरूनही वारा पुरेसा छळतो आणि निदान आजूबाजूला बघायला डोकं मोकळं राहतं.

आणि पहिल्या टीवरच कॅडीला विचारून घ्या, आज कुठली वाळू बंकर धरायची. तो हसेल, कारण हा प्रश्न त्याने पुष्कळदा ऐकलेला असणार.