रिकी स्टीमबोटचा गुडघा

सर्वकालीन महान रेसलर कोण, या वादात माझं उत्तर ठरलेलं आहे: रिकी स्टीमबोट. त्यावर येणारा प्रश्नही ठरलेलाच. वर्ल्ड टायटल किती वेळा जिंकलं त्याने? एकदा. तेसुद्धा जेमतेम अडीच महिने, फेब्रुवारी ते मे १९८९. मग समोरचा रिक फ्लेअरचा १६चा आकडा काढतो, नाहीतर जॉन सीनाचा. २०२५च्या रेसलमेनियात, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या शोमध्ये, सीनाने कोडी ऱ्होड्सला हरवून १७वं टायटल घेतलं, तेव्हा दादाचा लगेच मेसेज आला, "आता तरी मान."

नाही मानत. प्रो रेसलिंगमध्ये निकाल आधी ठरलेला असतो. टायटलचा पट्टा कुणाच्या कमरेला बांधायचा हे शो भरवणारा प्रमोटर ठरवतो, आणि ठरवताना तिकिटं कोणाच्या नावावर खपतील, कोणावर भरवसा टाकता येईल हे बघतो. तो भरवसा सतरा वेळा मिळवणं सोपं नाही, सीनाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण क्रिकेटमधल्या धावांसारखा हा आकडा मांडता येत नाही. रॉडी पायपरला डब्ल्यूडब्ल्यूएफचं (आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईचं) वर्ल्ड टायटल कधीच मिळालं नाही. आंद्रे द जायंटकडे ते १९८८मध्ये आलं, आणि काही मिनिटांत त्याने टेड डिबियासीच्या हवाली केलं. या दोघांना कुठल्या यादीतून काढणार?

गर्दी खेचण्याचा निकष मात्र मी गांभीर्याने घेते. ब्रुनो सॅमार्टिनोने मे १९६३मध्ये बडी रॉजर्सला ४८ सेकंदांत हरवून टायटल घेतलं आणि जानेवारी १९७१पर्यंत सोडलं नाही. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आयव्हन कोलॉफने त्याचे खांदे मॅटला टेकवून त्याला पिन केलं, तेव्हा सगळं सभागृह असं गप्प झालं की आपले कान गेले की काय असं ब्रुनोला वाटलं. त्याने स्वतः हे सांगितलं आहे. साडेसात वर्षांपेक्षा जास्त काळ माणसांना आपल्यात इतकं गुंतवून ठेवणं कुणाला जमलंय? होगन, ऑस्टिन, रॉक हेही याच रांगेतले. पण गर्दीमागे काळ असतो, टीव्ही असतो, प्रमोटरचा पैसा असतो. सर्वांत मोठा स्टार कोण, हे गर्दीवरून कळतं. रिंगमध्ये सर्वांत चांगलं काम कोण करतं, हे मात्र रिंगमध्ये डोळे लावूनच बघावं लागतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लंगडणारी माणसं बघते. त्यामुळे मॅच बघताना माझं लक्ष आधी पायांकडे जातं. गुडघा खरोखर दुखत असेल तर माणूस त्या पायावर कमीत कमी वेळ उभा राहतो. दुसरं पाऊल घाईने पडतं. उठताना तो चांगल्या पायावर जोर देतो आणि हात नकळत मांडीवर जातो. चेहऱ्यावरची कळही पाय टेकल्यावर उमटत नाही, टेकण्याच्या जरा आधीच उमटते, कारण आता काय होणार हे शरीराला माहीत असतं. बरेच रेसलर गुडघा धरून ओरडतात, आणि दोन मिनिटांत त्याच पायाने रोपवरून धावत सुटतात. मार लागल्याचं दाखवणं, ज्याला सेलिंग म्हणतात, ते या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे असं माझं मत आहे. ठोसा कितीही जोरदार दिसला, तरी खाणाऱ्याने साथ दिली नाही तर तो हवेत जातो.

७ मे १९८९, नॅशव्हिल, रेसलवॉर. फ्लेअर आणि स्टीमबोटची त्या वर्षातली तिसरी गाजलेली लढत. पहिली फेब्रुवारीत शिकागोला झाली, तिथेच स्टीमबोट चॅम्पियन झाला होता. दुसरी एप्रिलमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये, तीनपैकी दोन फॉल (डाव) जिंकायचे, जवळजवळ ५५ मिनिटं. नॅशव्हिलला स्टीमबोटचा गुडघा दुखावतो आणि फ्लेअर त्याच पायाला फिगर फोर ही पाय पिळणारी पकड लावतो. आता शेवट बघा. स्टीमबोट कसाबसा उठलाय, फ्लेअरला उचलून स्लॅम मारायला जातो. दोन माणसांचं वजन त्या पायावर येतं आणि पाय साथ सोडतो. फ्लेअर वरच्या वर त्याला गुंडाळतो, स्मॉल पॅकेज, एक, दोन, तीन. टायटल गेलं. त्या पायाचं दुखणं त्याने आधी इतकं नेमकं दाखवलं नसतं, तर हा शेवट पटलाच नसता. गुडघा कोसळायच्या आधीच तो कोसळणार हे मला दिसत होतं, आणि तरीही मी "नको, उचलू नकोस" म्हणत होते. निकाल पाठ असताना.

मॅचनंतर रिंगसाइडला जज म्हणून बसलेल्या टेरी फंकने फ्लेअरला टेबलवर पाइलड्रायव्हर दिला, म्हणजे उलटा धरून डोक्यावर आपटलं. तोही प्रसंग अफाट आहे, पण टेरी फंकवर वेगळंच लिहायला हवं.

स्टीमबोटच्या बाजूने माझा मुख्य मुद्दा त्याच्या समोर कोण कोण उभं राहिलं यात आहे. २९ मार्च १९८७ला पॉन्टियाक सिल्व्हरडोमवर रेसलमेनिया ३ झाला. लोक आले होते होगनने आंद्रेला उचललेलं बघायला, पण रसिक अजून बोलतात ते स्टीमबोट आणि रँडी सॅव्हेजबद्दल. सॅव्हेजला प्रत्येक हालचाल आधी ठरवून हवी असायची. त्याने सगळी मॅच क्रमांक घालून लिहून काढली होती, आणि दोघे एकमेकांची तोंडी परीक्षा घ्यायचे: अमुक क्रमांकानंतर काय? फ्लेअरची रीत बरोबर उलटी. तो सत्तरच्या दशकापासून कॅरोलिनाच्या गावोगावी स्टीमबोटशी लढलेला, त्यामुळे बरंचसं रिंगमध्येच कानात कुजबुजून ठरायचं. एक शब्द न् शब्द पाठ करणारा, दुसरा ऐन वेळी सुचेल तसं करणारा. दोघांच्याही सर्वोत्तम लढतींची यादी काढा, स्टीमबोटचं नाव वरच सापडेल. हा योगायोग असू शकत नाही.

तरुण मंडळींचा निकष असतो, कोणी किती मार सोसला. जून १९९८, पिट्सबर्ग: अंडरटेकरने मिक फोलीला पिंजऱ्याच्या छतावरून खाली टेबलवर फेकलं. फोली मला अतिशय आवडतो, पण त्याच्या बोलण्यासाठी, त्याच्या व्यक्तिरेखेतल्या करुणेसाठी. त्या पडण्यासाठी नाही. जपानी रेसलर मित्सुहारू मिसावाच्या बाबतीत तर माझी फारच ओढाताण होते. १ मार्च २००३ची टोकियोच्या बुडोकान सभागृहातली मिसावा आणि केंटा कोबाशीची लढत रेसलिंगच्या इतिहासातल्या सर्वश्रेष्ठ लढतींपैकी आहे, असं मीसुद्धा म्हणेन. पण मिसावा कोबाशीला रॅम्पवरून टायगर सुप्लेक्स मारून, म्हणजे मागून धरून उलटं फेकत, खाली जमिनीवर नेतो, तिथे मला कोबाशीच्या मानेचे मणके दिसायला लागतात. १३ जून २००९ला हिरोशिमात मिसावा एका बॅक सुप्लेक्सनंतर उठलाच नाही. त्याचं वय ४६ होतं. त्याच्या मोठेपणाबद्दल मला शंका नाही, पण तो मोठेपणा सोसलेल्या माराने मोजायला माझं मन धजत नाही. समोरच्याचं शरीर आपल्या हातात दिलेलं असतं. ते धडधाकट परत करणं हा माझ्यासाठी पहिला निकष आहे, आणि म्हणूनच माझ्या यादीत दुसऱ्या जागेवर ब्रेट हार्ट आहे. त्याला स्वतःला याचाच सर्वांत जास्त अभिमान होता की त्याच्या हातून प्रतिस्पर्ध्याला गंभीर दुखापत झाली नाही.

स्टीमबोटची दुबळी बाजू म्हणजे माइक, म्हणजे माइकवर बोलून लोकांना पेटवणं. डस्टी ऱ्होड्सने १९८५मध्ये कॅमेऱ्यात बघून कामावरून काढलेल्या गिरणी कामगारांबद्दल जे बोललं, तसं काही स्टीमबोटला दहा जन्मांत जमलं नसतं. तो कारकीर्दभर चांगलाच राहिला, खलनायक एकदाही झाला नाही. दादा म्हणतो, अर्धीच कला येणाऱ्याला महान कसं म्हणायचं? यात तथ्य आहे. पण मार्च १९९७मध्ये ब्रेट आणि स्टीव्ह ऑस्टिन लढले, तेव्हा रक्ताने माखलेला ऑस्टिन ब्रेटच्या शार्पशूटर या पाय मुडपणाऱ्या पकडीत शुद्ध हरपेपर्यंत शरण गेला नाही, आणि एकाच रात्रीत खलनायक ऑस्टिन लोकांचा झाला, नायक ब्रेट लोकांच्या मनातून उतरला. मॅचमध्ये भाषण कुठे होतं? शरीराने एवढं सांगता येत असेल, तर माइकला मी दुसरी जागा देईन.

दादाचा शेवटचा मुद्दा मात्र खरोखर भारी आहे. "प्रतिस्पर्ध्याला मोठं करणं हाच तुझा निकष ना? मग फ्लेअर पहिला." चॅम्पियन म्हणून तो गावोगाव फिरला, तिथल्या पठ्ठ्याला तासभर झुंजवून आता हा जिंकणारच असं लोकांना वाटायला लावलं. मार्च १९८८मध्ये नवख्या स्टिंगला ४५ मिनिटं बरोबरीत ठेवून त्याने एका रात्रीत स्टार केला. हे सगळं खरं आहे.

माझं उत्तर असं. फ्लेअर प्रत्येकाबरोबर उत्तम लढला, पण बहुतेक वेळा स्वतःचीच मॅच लढला. कोपऱ्यात उलटा होऊन बाहेर पडणं, गुडघ्यावर बसून गयावया करणं, वरच्या रोपवर चढून हमखास खाली फेकला जाणं. समोर कोणीही असो, हे येणारच. स्टीमबोट मात्र समोरच्याप्रमाणे बदलायचा. २००९मध्ये, पाठीच्या दुखापतीने कारकीर्द संपून पंधरा वर्षं झाल्यावर, ५६व्या वर्षी तो रेसलमेनियात क्रिस जेरिकोसमोर उभा राहिला. जेरिकोचा वेग वेगळा, पिढी वेगळी, मॅच रचण्याची रीत वेगळी, आणि स्टीमबोट त्यात पहिल्या आर्म ड्रॅगपासून बसला. फ्लेअर त्या दिवशी रिंगबाहेर त्याच्याच कोपऱ्यात होता. दादा म्हणतो, एका मॅचवर निकाल लावू नकोस. म्हणून आता त्याला १९९२मधल्या डब्ल्यूसीडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीतल्या स्टीमबोट आणि रिक रूडच्या लढती पाठवल्या आहेत, बघून सांगतो म्हणालाय.