लिंकच्या रंगाने माझ्या तीन रात्री खाल्ल्या

पिंपळगावच्या मामांच्या द्राक्षबागेची साइट करून देते म्हणून मीच हौसेने बोलले होते. कोडिंग फारसं येत नाही, म्हणून ते माऊसने ओढून डिझाइन करायचं सॉफ्टवेअर घेतलं. सिडकोतल्या घरी बसून फोटो, मेनू, बेदाण्याच्या ऑर्डरचा फॉर्म, सगळं एका रविवारात उरकलं.

अडकलं कुठे तर लिंकच्या रंगावर!

साधी लिंक हिरवी, माऊस नेला की लाल, एवढं छान चालू होतं. मग मला सुचलं की बघून झालेली लिंक राखाडी करू, सॉफ्टवेअरच्या पॅनलमधे ए:व्हिजिटेड (बघितलेल्या लिंकचा नियम) टाकलं आणि लाल होणंच बंद. मामांना फोन केला, ते बिचारे ऑक्टोबर छाटणीत, तरी बघून म्हणाले, "अगं, माझ्याकडं तर होतंय की लाल, तुझाच कॉम्प्युटर बिघडलाय." घ्या! दुसरा ब्राउझर लावला तर तिथे चालतंय, एकदा क्लिक केलं की परत मेलं, हिस्टरी उडवली की परत जिवंत, असं दोन रात्री भुताटकीसारखं चाललं होतं, शेवटी वैतागून कधी न उघडलेला कोडचा टॅब उघडला.

पॅनलने माझा व्हिजिटेडचा नियम सगळ्यात खाली, होव्हरच्याही (माऊस नेल्यावर लागणाऱ्या नियमाच्या) खाली नेऊन ठेवला होता. या नियमांचं वजन सारखंच असतं, त्यामुळे जो खाली लिहिलाय तो जिंकतो. बघितलेल्या लिंकवर माऊस नेला की दोन्ही नियम लागू, आणि खालचा राखाडी लालला गिळतो. मामांकडे लाल का दिसत होतं? कारण त्यांनी एकाही लिंकवर क्लिकच केलं नव्हतं!!

तर क्रम असा ठेवा: लिंक, व्हिजिटेड, होव्हर, क्लिक दाबतानाचा अ‍ॅक्टिव्ह. पॅनलमधे नियम वरखाली ओढता येत असेल तर बरं, नाहीतर कोडमधे कट-पेस्ट, अर्ध्या मिनिटाचं काम.

हां, आणि नुसत्या ए ला (म्हणजे साइटवरच्या सगळ्याच लिंकना) रंग देऊ नका, माझा मेनू पण हिरव्यावर हिरवा होऊन गायब झाला होता, वेगळा क्लास (ठरावीक लिंकना द्यायचं नाव) करा. व्हिजिटेडला ठळक अक्षर करायच्या नादी तर लागूच नका, ब्राउझर तिथे फक्त रंगच बदलू देतो, नाहीतर कुठलीही साइट तुम्ही कुठे कुठे फिरून आलात ते ओळखेल. माझी तिसरी रात्र त्यातच गेली.

आणि मामांची गिऱ्हाइकं सगळी मोबाइलवाली, त्यांच्याकडे माऊसच नाही.