पाकळी कुठे पडली?

व्हिएतनाममधल्या हायफाँगला आता तिसरा महिना. शाळेत मुलं मला 'को' म्हणतात. को म्हणजे बापाची बहीण, आत्या. शिकवणाऱ्या बाईंनाही हाच शब्द. तर चाळीस मुलांची ही आत्या रोज सकाळी फळ्यासमोर उभी राहून 'राइस'मधला शेवटचा 'स' शोधत असते. यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी 'स' येतच नाही, त्यामुळे मुलं 'आय लाइक राय' म्हणून मोकळी. भात तोंडात, स पोटात. मग मी साप होते. पाच मिनिटं वर्गभर साप फुसफुसतात आणि शेवटी कुणीतरी 'आयस लाइकस रायस' म्हणतं.

इथवर यायला मला आठ वर्षं लागली.

मी फोंड्याजवळच्या गावातली. घरी बोलायला कोकणी, वाचायला-लिहायला मराठी, पोटासाठी इंग्रजी. बी.एड. झाल्यावर एका हायस्कुलात लेक्चर बेसिसवर लागले. जूनमध्ये ऑर्डर, वर्ष संपलं की घरी. पुढच्या जूनला बोलावतील की नाही, ते हेडमास्तरांनाही सांगता यायचं नाही.

"लिस्बनला नोंद कर ना," असं निदान वीस जणांनी सुचवलं असेल. बाबांचा जन्म १९५७ चा, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज राजवटीतला. तिथे जन्माची नोंद झाली की तिकडचं नागरिकत्व मिळतं, आणि त्या वाटेने कितीतरी गोंयकार इंग्लंडमधल्या स्विंडनला जाऊन राहिलेत. पण भारतात दोन नागरिकत्वं चालत नाहीत, आपला पासपोर्ट परत द्यावा लागतो. बाबा म्हणाले, "चवथ्या वर्षी मुक्ती मिळाली, ती साठाव्या वर्षी परत करू?" विषय संपला.

आईचं एकच कार्यालय: सातेरीचं देऊळ. दरवर्षी गुरवाकडून गाऱ्हाणं घालून ती कौल लावायची, लेक परदेशी जाऊ की नको. ओल्या बोटाने देवीच्या अंगावर पाकळ्या लावायच्या आणि बसून राहायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. उजवी म्हणजे देवीची उजवी, आपली नव्हे. लहानपणी माझा यात हमखास घोळ व्हायचा. २०१७ ला डावी पडली. २०१८ ला तर दीड तास पाकळी हललीच नाही. पंखा मुद्दाम बंद, समईचा धूर, आईचे दुखरे गुडघे, आणि सगळ्यांचे डोळे त्या तांबड्या ठिपक्यावर. शेवटी गुरवच म्हणाला, "आज ती उलयना." बोलत नाही.

२०१९ ला एका एजंटाने पैसे घेतले आणि फोन घेणं बंद केलं. त्याच्यावर लिहून रक्तदाब वाढवत नाही.

जानेवारी २०२० मध्ये पाकळी उजवी पडली, टपकन, गाऱ्हाणं संपायच्या आत. त्याच आठवड्यात इथल्या एका शाळेचा होकार आला. आई रडली. २२ मार्चला व्हिएतनामने परदेशी माणसांना दार बंद केलं. मी सातेरीवर इतकी रागावले की दोन वर्षं देवळाची पायरी चढले नाही. होय म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं, याला काय म्हणावं? आई एकटी जायची आणि येताना प्रसादाचं फूल माझ्या टेबलावर ठेवायची. बोलायची काही नाही.

मार्च २०२२ ला दार उघडलं, तोवर ती जागा गेली होती. पुन्हा अर्ज. एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी माझ्या उच्चारांचं कौतुक केलं, मग पासपोर्ट कुठला ते विचारलं आणि आभार मानून कॅमेरा बंद केला. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना कागदही जास्त लागतात. पदवी, इंग्रजी शिकवण्याचं टेसॉल प्रमाणपत्र, पोलीस क्लिअरन्स. त्यांवर शिक्के, शिक्क्यांवर दिल्लीतल्या वकिलातीचे शिक्के. फोंडा-पणजी कदंबा बसचे कंडक्टर मला ओळखायला लागले होते.

यंदा आईने कौल लावला नाही. नारळ ठेवून आली. "आतां विचारचें ना, सांगचें," म्हणाली.

इथे पहिल्याच दिवशी दुकानाच्या पाटीवर 'सिन चाओ', म्हणजे नमस्कार, दिसलं, आणि सुरुवातीला चक्क एक्स! आमच्याकडच्या जुन्या पोर्तुगीज कागदांत शांतादुर्गेचा 'श' एक्सनेच लिहिलेला असतो. यांची भाषा रोमन लिपीत बसवली तीही सतराव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून आलेल्या पाद्र्यांनी. त्यांच्यातला अलेक्झांडर द रोड्स, ज्याचा शब्दकोश १६५१ ला रोममध्ये छापला गेला, तो इकडे येण्याआधी गोव्यात राहून गेला होता. एकाच मास्तरच्या हाताखालून गेलो म्हणायचे आम्ही.

हनोईच्या विमानतळावर अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला तेव्हा आतून एक सुकलेली पाकळी काउंटरवर पडली. आईने ती कधी ठेवली, मला पत्ताच नव्हता. त्याने पाकळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शिक्का मारला आणि ती नखाने उचलून परत पानांत ठेवली.

रात्री आईला फोनवर हे सांगितलं. जेवलीस का, हे विचारायचंही ती विसरली.

"खंयचे वटेन पडली?"

"उजव्या," मी म्हटलं.

माझ्या उजव्या. तो समोर बसला होता, म्हणजे त्याच्या डाव्या. तेवढं काही मी सांगितलं नाही.