हात खाली आले की काकांना खुर्ची लागायची

नागपुरातल्या एका विरंगुळा केंद्रात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून चीगाँगचा, म्हणजे श्वासासोबत सावकाश करायच्या चिनी व्यायामाचा वर्ग घेते. येणारे बहुतेक सत्तरीचे. शुगर, बीपी, आणि त्यात नैराश्याचा उपचार सुरू. करून घेतो ते बादुआनजिन, आठ हालचालींचा संच.

त्या सकाळी एका काकांना त्यांचा मुलगा जवळजवळ ओढूनच घेऊन आला. "बाबांचं मनच लागत नाही जी मॅडम. रोज म्हणतात, मी काही येत नाही."

पहिल्या हालचालीत बोटं गुंफून तळवे वर ढकलायचे, श्वास आत. हात बाजूंनी खाली, श्वास बाहेर. काकांचे हात वर जाईपर्यंत ठीक. हात खाली आले की डोळे मिटायचे आणि उजवा हात मागची खुर्ची चाचपायचा. नुसता कंटाळा असता तर कुठेही थांबले असते; हे दर वेळी तिथेच थांबत.

बाकावर पाच मिनिटं आडवं करून बीपी घेतलं: 142/84. उभं केल्यावर एका मिनिटाने 116/72, तिसऱ्या मिनिटालाही तेवढंच. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर चक्कर येण्यात नवल नाही. गोळ्यांची पिशवी उघडली. प्रोस्टेटची नवी गोळी आणि बीपीची गोळी, दोन्ही सकाळच्या चहासोबत. दोन्ही रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या. नैराश्याच्या काही गोळ्यांनीही असं होतं आणि जुन्या मधुमेहात नसाच बीपी सावरायला कमी पडतात. आकडे कागदावर लिहून मुलाला डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी प्रोस्टेटची गोळी रात्री जेवणानंतर दिली.

तोवर सगळं बसून. खुर्ची बिनचाकांची, पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली, डोळे उघडे, श्वास कुठेही रोखायचा नाही. सुरुवातीला दहा मिनिटं पुरतात. धनुष्य ताणायची दुसरी हालचाल बसूनही छान होते. सहावीत कमरेतून खाली वाकतात. काकांच्या डोळ्यांचा पडदा मधुमेहाने खराब, म्हणून ती गाळली. आठवीत टाचा उचलून आपटतात; हाडं ठिसूळ असलेल्या काकूंनाही मी ती देत नाही.

मुलाने विचारलं, याने नैराश्य जातं का? हाँगकाँगमध्ये 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नैराश्य आणि जुने आजार असलेले 82 वृद्ध होते. 16 आठवडे एका गटाने चीगाँग केलं, दुसऱ्याने एकत्र बसून पेपर वाचला. ही तुलना मला आवडते, कारण चार लोकांत बसण्यानेच अर्धं बरं वाटतं. तरी चीगाँगवाल्यांचं नैराश्य जास्त उतरलं. पण नैराश्याची गोळी सुरूच ठेवायची. डोस कमी करायचा की नाही, ते मनोविकारतज्ज्ञ ठरवतील.

काका आता पहिल्या तीन हालचाली उभ्याने करतात, खुर्ची पाठीमागे ठेवूनच. मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हाने अंगातलं पाणी कमी झालं की बीपी आणखी उतरतं, म्हणून तेव्हा वर्ग सकाळी सहाला.