लग्न लावून दिलं तर बदलेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. हा प्रश्न बहुतेक वेळा फोनवर, दबक्या आवाजात येतो. मुलगा म्हणतो तो गे आहे, किंवा मुलगी म्हणते तिला मुलीच आवडतात. कुठल्या डॉक्टरांना दाखवू, आणि चांगलं स्थळ बघून लग्न लावून दिलं तर बदलेल का? उत्तर आधीच देते. बदलणार नाही. लग्न लावलंत तर तुमच्या लेकरासोबत दुसऱ्या घरातल्या एका निरपराध माणसाचंही आयुष्य नासेल.

आधी लग्नाबद्दलच बोलते, कारण घाई तिथेच होते. मुलानं तोंड उघडलं की महिन्याभरात वधूवर सूचक मंडळात नाव जातं. मुलगी असेल तर फोन काढून घेतात, नोकरी सोडायला लावतात, मामाच्या गावी पाठवतात. लग्नानंतर नवरा जवळ येत नाही आणि दोष बायकोला लागतो. मग डॉक्टर, मग उपासतापास, मग ‘एक मूल होऊ दे, सगळं मार्गी लागेल’. खरं कळल्यावर तिला कोर्टात जाता येतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 प्रमाणे महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली म्हणून लग्न रद्द करून मागता येतं. पण फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतरही ती स्वखुशीनं त्याच्यासोबत नांदली असेल तर तो मार्ग बंद होतो. ते वर्ष पुष्कळदा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या बैठकांतच निघून जातं. ‘आमचं आम्ही बघू’ म्हणणाऱ्या आईवडिलांनी या मुलीचा विचार एकदा तरी करावा, असं मी मनापासून सांगते.

सज्ञान मुलीला कोंडून ठेवणं हाही घरगुती मामला नाही. तिची जोडीदार हेबियस कॉर्पसची, म्हणजे कोंडून ठेवलेल्या व्यक्तीला कोर्टासमोर हजर करा अशी, याचिका करू शकते. अशा प्रकरणांत मुलीची इच्छा न्यायाधीशांनी आईवडिलांच्या दडपणाशिवाय जाणून घ्यावी, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा लैंगिक कल बदलायचा प्रयत्न करू नये, असं सुप्रीम कोर्टानं मार्च 2024 मध्ये सगळ्या कोर्टांना बजावलं आहे.

आता डॉक्टर. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. कुठल्याही उपचारानं हा कल बदलतो याला शास्त्रीय पुरावा नाही, असं भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 मध्ये जाहीर केलं. मद्रास हायकोर्टाच्या आदेशानंतर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ‘कन्व्हर्जन थेरपी’, म्हणजे हा कल बदलून देण्याच्या नावाखाली केलेले उपचार, हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तरीही हार्मोनच्या तपासण्या होतात, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं दिली जातात. त्यानं कामेच्छा वाढू शकते, पण ओढ कुणाकडे आहे ते बदलत नाही. समुपदेशकाची वेळ घेण्याआधी फोनवर एकच विचारा: ‘हे बदलता येतं का?’ ‘प्रयत्न करून बघू’ असं उत्तर आलं तर तिथे जाऊ नका. मुलाला झोप लागत नसेल, जेवण सुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर मात्र थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तुम्हाला स्वतःला बोलायचं असेल तरी तो चालतो. मुंबईत 1994 पासून हमसफर ट्रस्ट याच विषयात काम करत आला आहे. पालकांसाठी ‘स्वीकार’ हा पालकांनीच उभा केलेला गट आहे. मी पालकांना आधी तिकडे पाठवते, कारण आईचं जितकं दुसरी आई ऐकते तितकं तज्ज्ञाचंही ऐकत नाही.

मूल सांगतं तेव्हाच्या पहिल्या तासाबद्दल थोडं. त्यानं हे बोलायचं की नाही याचा अंदाज बरीच वर्षं घेतलेला असतो, आणि तो टीव्हीसमोर घेतलेला असतो. विनोदी कार्यक्रमात पुरुष साडी नेसून लचकत येतो, घरातले हसतात, कुणीतरी ‘बायल्या आहे नुसता’ म्हणतं. त्या क्षणी ताटाकडे बघत जेवणारा मुलगा बाबा काय म्हणतात ते टिपत असतो. त्यामुळे आज त्यानं सांगितलं असेल तर तो भरवसा फार मोठा आहे. ‘एकदा मुलीबरोबर राहून तर बघ’, ‘हॉस्टेलमध्ये बिघडलास’, ‘लोक काय म्हणतील’ ही वाक्यं गिळा. ‘सांगितलंस ते बरं केलंस. मला समजायला वेळ लागेल, पण घर तुझंच आहे’ एवढं पुरतं. रडू आलं तर येऊ द्या. नंतर दोघांनी एकमेकांवर खापर फोडू नका. ‘तू लाडावलंस’, ‘तुम्ही घरात कधी नव्हतात’ यातलं काहीच कारण नाही.

सगळ्यात मोठी चूक पुढच्या दोन दिवसांत होते. आई मन मोकळं करायला मावशीला सांगते, मावशी काकूला, आणि रविवारपर्यंत भावकीत होतं. कुणाला, कधी, किती सांगायचं हे मुलानं ठरवायचं असतं. ‘आजीला सांगायचं का? तू सांगशील की मी?’ असं विचारून घ्या.

घराचा आधार नसला की बाहेरचे लोक त्याचा फायदा घेतात. डेटिंग ॲपवर ओळख काढायची, खोलीवर बोलवायचं, व्हिडिओ काढायचा आणि घरी सांगू म्हणत पैसे उकळायचे, हा ठरलेला धंदा आहे. तो चालतो तो घरी कळायच्या भीतीवर. मुलाला आजच सांगून ठेवा: असं झालं तर पैसे देऊ नकोस, चॅट पुसू नकोस, स्क्रीनशॉट ठेव, मला फोन कर, मग आपण 1930 वर सायबर तक्रार करू. समलैंगिक असणं हा गुन्हा नाही. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध ते गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून बाहेर काढले, आणि जुन्या दंड संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही.

समलैंगिक लग्नाला कायदेशीर मान्यता मात्र सुप्रीम कोर्टाच्या ऑक्टोबर 2023 च्या निकालात मिळाली नाही. म्हणून कागदपत्रं फार महत्त्वाची. दोघांना संयुक्त बँक खातं उघडता येतं आणि जोडीदाराला नॉमिनी करता येतं, हे अर्थ मंत्रालयानं ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता येईल, असंही त्याच वर्षी आरोग्य मंत्रालयानं राज्यांना कळवलं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पीएफमध्ये अवलंबून असलेले आईवडील ‘कुटुंब’ धरले जातात, त्यामुळे ते असताना जोडीदाराच्या नावाचं नामांकन बाद ठरतं. फ्लॅट तुमच्या मुलाच्या नावावर असेल, हप्ते दोघांनी भरले असतील, आणि तो मृत्युपत्र न करता गेला, तर हिंदू वारसा कायद्यानं तो फ्लॅट आईकडे येतो. जोडीदाराला काहीच मिळत नाही. म्हणून ‘मृत्युपत्र करून ठेव’ हे आईनंच म्हणावं असं मला वाटतं. साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क लागत नाही. त्यानं दोन साक्षीदारांसमोर सही करायची, मग त्या दोघांनी त्याच्यासमोर. ज्याला मिळकत मिळणार त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या, पुढे भावंडांत वाद झाला तर उपयोगी पडते. आणि घराच्या वाटणीत ‘त्याला कुठे संसार आहे’ म्हणून त्याचा हिस्सा कमी धरू नका. त्याला संसार आहे.