टाकीत चांगलं, नळाला खराब: गावच्या पाण्याचं नेमकं काय बिघडतं

गावात जुलाबाची साथ आली की पहिला प्रश्न एकच असतो, ‘टीसीएल टाकलं होतं का?’ टीसीएल म्हणजे जंतू मारण्यासाठी पाण्यात घालायची ब्लीचिंग पावडर. ती टाकलेली असते, रजिस्टरवर सहीही असते. पण आपल्याकडच्या बहुतेक नळयोजनांत पाणी विहिरीत किंवा टाकीत कमी आणि टाकीपासून घराच्या तोटीपर्यंतच्या वाटेवर जास्त बिघडतं. तेही पाणी चालू असताना नव्हे, बंद असताना.

सकाळी तासभर पाणी सुटतं. चावी बंद झाली की उंचावरच्या भागातली लाईन रिकामी होऊ लागते आणि आत ओढ तयार होते. मग जिथे फट असेल तिथून बाहेरचं पाणी आत येतं. चालू असताना ज्या गळतीतून पाणी बाहेर उडतं, तीच गळती बंद असताना गटाराचं पाणी आत घेते. म्हणून ‘थोडंसं तर गळतंय’ म्हणून सोडून देण्यासारखी ती गोष्ट नाही.

या फटी कुठे सापडतात? सगळ्यात आधी गटारातून गेलेल्या घरगुती नळजोडण्या. मेनलाईन रस्त्याच्या एका बाजूला, घर दुसऱ्या बाजूला, मध्ये गटार. अर्धा इंची लोखंडी पाइप त्यात वर्षानुवर्षं बुडून गंजतो. असा पाइप गटाराच्या वरून न्यावा, किंवा जाड पाइपाच्या आवरणातून, आणि गटाराच्या रुंदीत जोड ठेवू नये. त्यानंतर व्हॉल्व्हचे खड्डे. झाकण नाही, आत गुडघाभर पाणी, आणि चावीच्या दांड्याचं पॅकिंग झिजलेलं.

तिसरी जागा म्हणजे खड्ड्यातले नळ. दाब कमी म्हणून लोक दोन-तीन फूट खड्डा खणून नळ खाली घेतात. हंडा भरताना सांडलेलं, भांडी विसळलेलं पाणी तिथेच साचतं, तोटी नसलेलं तोंड त्यात बुडतं आणि पुरवठा थांबताच तेच पाणी उलटं लाईनमध्ये जातं. एका घरचा खड्डा, आजार पुढच्या दहा घरांना. नळाला थेट मोटार लावणारेही हेच करतात, फक्त जास्त जोरात. त्यांची मोटार शेजारच्या फटीतलं गटारही ओढते. ग्रामपंचायत नळपट्टीसाठी घरोघर जाते, तशीच तोटीसाठीही गेली पाहिजे.

आता टीसीएल. चांगल्या ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं, ओल किंवा ऊन लागलं की ते उडून जातं आणि नुसता चुना उरतो. मात्रा हजार लिटरला 5 ग्रॅम धरतात. विहिरीत पाणी किती आहे याचा हिशेब काढायचा तर व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले 785, सगळी मापं मीटरमध्ये, उत्तर लिटरमध्ये. 6 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर सुमारे 1 लाख 13 हजार लिटर, म्हणजे साधारण 565 ग्रॅम पावडर.

ही पावडर कोरडी फेकायची नाही. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. आधी थोड्या पाण्यात लगदा करावा, मग पाऊण बादली भरून ढवळावं आणि पाच-दहा मिनिटं स्थिर ठेवावं. चुना खाली बसला की वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावी. विहिरीत जाते ती फक्त निवळी. गाळ गेला तर पाण्याचा जडपणा वाढतो. बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली, आडवी हलवावी. किमान एक तास पाणी उपसू नये. रात्रीचा उपसा थांबल्यावर हे काम केलं तर उत्तम. पावसाळ्यात पाणी गढूळ असेल तर क्लोरीन आधी त्या गाळातच खर्च होतं, म्हणून पाणी निवळून घेतल्याशिवाय मात्रा वाढवत बसण्यात अर्थ नाही.

ओटी टेस्ट, म्हणजे रसायनाचा थेंब टाकून पिवळ्या रंगावरून पाण्यात क्लोरीन किती उरलंय ते पाहण्याची चाचणी, हीही बऱ्याचदा चुकीच्या जागी होते. टाकीखालच्या नळाला पिवळा रंग येणारच. तपासायचं ते शेवटच्या घराचं पाणी. तिथे लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. रंग लगेच, दहा सेकंदांच्या आत वाचावा. उशिरा गडद होणारा रंग मोकळ्या क्लोरीनचा नसतो. तपासलेलं पाणी ओतून द्यावं, त्यातला रसायनाचा थेंब पोटात जायचा नाही.

याच टेस्टने गळतीही शोधता येते. पाणी सुटल्यावर टाकीपासून टोकापर्यंत एकेका नळाला तपासत जा. चौथ्या नळाला पिवळं आणि पाचव्याला रंगच नाही असं दिसलं, तर त्या दोघांमधली लाईन उघडा. उन्हाळ्यात रस्त्याकडेला हिरवा राहिलेला गवताचा पट्टाही तेच सांगतो.

घरात करायचं ते थोडं आहे. पाणी सुटल्यावरची पहिली काही मिनिटं प्यायचं पाणी भरू नये. रात्रभर आत शिरलेलं त्यातच येतं. ते पिण्याऐवजी इतर वापराला घ्या. माठात हात किंवा तांब्या न बुडवता लांब दांड्याचं ओगराळं वापरा, नाहीतर तोटीचा माठ घ्या. शंका असेल तर पाणी खळखळून उकळा. मात्र विहिरीत नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर असेल किंवा यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही बोअरसारखं फ्लोराइड असेल, तर उकळून उपयोग नाही. पाणी आटतं, क्षार तेवढेच राहतात. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेलाच द्यावा लागतो. जिवाणू तपासणीचा नमुना मात्र प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीतच घ्या, थंड ठेवा आणि 24 तासांच्या आत पोहोचवा. कोल्ड्रिंकच्या धुतलेल्या बाटलीतल्या पाण्याच्या अहवालावर विसंबून राहू नये.