निर्बंधांतल्या विमानाचा माल : आमच्या पेढीची वाटचाल

इराणच्या माहान एअरचा माल स्वीकारणारी अंधेरीतली छोटी पेढी, अशी आमची ओळख सहारच्या कार्गो बाजारात झाली, तेव्हा त्या ओळखीचे कुणाला वावडे नव्हते. पुढे त्याच ओळखीचा बागुलबुवा उभा करून आमच्या पार्ट्या, म्हणजे माल पाठवणारे ग्राहक, फोडल्या गेल्या, बँकेचे खाते बंद झाले आणि वर्षानुवर्षे आमच्याबरोबर चहा घेणारे लोक आमचे फोन उचलेनासे झाले. आमच्या धंद्याची हकीकत सांगायची तर त्या विमान कंपनीची हकीकतही सांगावी लागते, कारण ती वाढली तसे आम्ही वाढलो आणि तिच्यावर पडलेला प्रत्येक घाव थोड्या उशिराने आमच्या टेबलापर्यंत येऊन पोहोचला.

माहान एअर ही इराणमधली पहिली खासगी विमान कंपनी. १९९१ मध्ये केरमान येथे तिची स्थापना झाली आणि सोव्हिएत बनावटीच्या टुपोलेव्ह-१५४ विमानांवर तिने उड्डाणांना सुरुवात केली. केरमानजवळच्या माहान गावी शाह नेमतुल्ला वली या सूफी संताचा दर्गा आहे. १४३६ मध्ये उभा राहिलेला हा दर्गा बीदरच्या अहमदशाह वली बहमनीने बांधवून घेतला होता, आणि आपला मराठवाडा त्या काळी त्याच्याच राज्यात होता. कंपनीच्या दिल्ली कचेरीत मालाचे काम पाहणारे एक वयस्क इराणी गृहस्थ होते; आम्ही सगळे त्यांना आगासाहेब म्हणत असू. पहिल्याच भेटीत त्यांनी ही माहिती दिली आणि दख्खनच्या माणसांचे आपले गाव जुने देणे लागते, असे म्हणून आमच्या पहिल्या मालाला जागा दिली.

ही कंपनी कोणत्या अडचणीत वाढली हे बाहेरच्या लोकांना नीट ठाऊक नसते. अमेरिकी नियमानुसार एखाद्या विमानात किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक अमेरिकी भाग असतील, तर ते विमान युरोपात जोडलेले असले तरी परवान्याशिवाय इराणला विकता येत नाही. इंजिनापासून चाकांच्या ब्रेकपर्यंत अमेरिकी भाग नसलेले मोठे प्रवासी विमान पश्चिमेत बनतच नाही, म्हणून नव्या विमानाचा मार्ग जवळजवळ बंदच होता. माहानने जुन्या एअरबस घेतल्या. ए-३००, ए-३१० आणि पुढे ए-३४० अशी विमाने, जी दुसऱ्या कंपन्यांनी खर्चिक म्हणून काढून टाकली होती, ती मध्यस्थांच्या साखळीतून तेहरानला पोहोचत. चार इंजिनांचे ए-३४० इंधन फार खाते. परंतु इराणमध्ये इंधन स्वस्त आणि विमान मिळते ते मोडीच्या भावाच्या जवळपास, त्यामुळे इतरांना न परवडणारे गणित तेथे जमत असे. मोठी तपासणी घरच्याच कार्यशाळेत होई आणि एका उभ्या विमानाचे भाग काढून दुसरे उडते ठेवले जाई. या कारागिरीबद्दल मला आदर आहे आणि तो मी कधी लपवलेला नाही.

त्याचबरोबर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. एका ब्रिटिश उद्योगसमूहामार्फत बोइंग-७४७ विमाने इराणला गेल्याच्या प्रकरणात अमेरिकेच्या व्यापार खात्याने मार्च २००८ मध्ये माहानविरुद्ध आदेश काढला. ऑक्टोबर २०११ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने कंपनीला दहशतवादाशी संबंधित यादीत टाकले. इराणच्या रेव्होल्युशनरी गार्ड या लष्करी संघटनेच्या, देशाबाहेर कारवाया करणाऱ्या कुद्स दलाची माणसे आणि शस्त्रे ही कंपनी वाहून नेते, असा तो आरोप होता. हा आरोप साधा नाही आणि तो कानाआड करून मी कंपनीचे गोडवे गाणार नाही. आमच्या वाट्याला आलेल्या खोक्यांत मात्र औषधे होती. प्रत्येक मालाला औषध नियंत्रकाचा ना हरकत दाखला असे, खोकी कस्टमच्या शेडमध्ये उघडली जात, आणि भारत सरकारची भूमिका संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध पाळण्याची होती, एखाद्या देशाने एकतर्फी लादलेले निर्बंध पाळण्याची नव्हती. आम्ही भारतीय कायद्याच्या चौकटीत काम केले आणि त्याचा प्रत्येक कागद आजही आमच्या कपाटात आहे.

पेढी काढली ती मी आणि आमचे भागीदार काका यांनी. काका कस्टम हाउस एजंटाकडे, म्हणजे कस्टमची कागदपत्रे करून देणाऱ्याकडे, उमेदवारी करून वर आलेले, शिपिंग बिलावरची (निर्यातीच्या कस्टम अर्जावरची) एक चूक नजरेतून सुटणार नाही असे गृहस्थ. पहिली जागा म्हणजे एका गोदामाचा पोटमाळा. तेथे एक टंकलेखन यंत्र, एक प्लॅटफॉर्म काटा आणि कोऱ्या एअर वे बिलांचे (हवाई मालाच्या पावत्यांचे) संच एवढेच भांडवल. त्या संचातली हिरवी प्रत विमान कंपनीची, गुलाबी माल घेणाऱ्याची आणि निळी पाठवणाऱ्याची. निळी प्रत हातात आली की पार्टीला बँकेत जाता येई, म्हणून ती घेताना लोक ती दोन्ही हातांनी धरत. काका नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवत ते बिलाच्या क्रमांकाची पारख. क्रमांक आठ आकडी असतो. पहिल्या सात आकड्यांच्या संख्येला सातने भागले की जी बाकी उरते, तोच आठवा आकडा असला पाहिजे. संगणक आल्यावर ही पारख आपोआप होऊ लागली, तरी मी आजच्या तरुण फॉरवर्डरांना, म्हणजे आमच्यासारख्या माल पाठवून देणाऱ्या एजंटांना, सांगेन की हा हिशेब तोंडी करता आला पाहिजे, कारण फोनवर घाईत लिहून घेतलेला क्रमांक तेथल्या तेथे पकडता येतो.

काट्याबद्दलही असेच. त्यावर वजनमाप निरीक्षकाचा शिक्का दर वर्षी वेळेवर करून घ्यावा आणि दर सकाळी ठरलेल्या वजनाने तो तपासावा. हवाई मालात प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांत जे जास्त, त्यावर भाडे लागते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहा हजारांनी भागायचे. थर्माकोलच्या खोक्यातली इंजेक्शने वजनाला हलकी आणि आकाराला मोठी असतात, म्हणून जो खोकी नीट रचतो तोच या मालात टिकतो.

रचण्याचे हे काम आम्ही शिकलो ते तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कारखानदारामुळे. आम्ही त्यांना शेठ म्हणतो. कर्करोगावरची त्यांची इंजेक्शने तेहरानच्या रुग्णालयांत जात आणि त्यांना सर्व प्रवासभर २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागत असे. मुंबईहून इराण एअरचे विमान होते. त्यात न मावणारा माल आम्ही दिल्लीला नेऊन माहानच्या पोटात घालत असू. बोईसरहून निघालेली रीफर (थंडाईची) व्हॅन चिल्हार फाट्याला महामार्गाला लागली की काका घड्याळ बघायला लागत. विमानाच्या पोटात बसणाऱ्या एलडी-३ जातीच्या कंटेनरला स्वतःची थंडाई नसते, सगळी भिस्त खोक्यावर. जेल पॅक (खोक्यात थंडावा ठेवणारी गोठवलेली पिशवी) उणे वीस अंशांच्या फ्रीजरमधून काढून थेट खोक्यात घातला तर औषध गोठते आणि वाया जाते. पॅक बाहेर ठेवून त्याच्या अंगावर दव येईपर्यंत थांबायचे, मग भरायचा. मध्ये पुठ्ठ्याचा थर, एका बाजूला तापमान नोंदवणारा डेटा लॉगर. मे महिन्यात दिल्लीच्या धावपट्टीलगतच्या सिमेंटवर खोके उभे राहिले तर सगळी मेहनत पाण्यात जाते, म्हणून आगासाहेब आमचा कंटेनर शेवटी चढवून घेत आणि तेहरानला आधी उतरवण्याचा निरोप देत. कोणत्याही करारात ही गोष्ट लिहिलेली नव्हती.

पैशाची पहिली मोठी अडचण डिसेंबर २०१० मध्ये आली. इराणशी होणारे व्यवहार एशियन क्लिअरिंग युनियन या आशियाई देशांच्या मध्यवर्ती बँकांच्या हिशेब व्यवस्थेमार्फत करणे रिझर्व्ह बँकेने थांबवले आणि पाठवलेल्या मालाचे पैसे कोणत्या वाटेने यायचे, हा प्रश्न पडला. मार्च २०१२ मध्ये निर्बंधांतल्या इराणी बँका स्विफ्टच्या, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशांच्या, जाळ्याबाहेर गेल्या. त्याच वर्षी युको बँकेतून रुपयांत व्यवहार करण्याची सोय झाली: भारताने घेतलेल्या तेलाचे पैसे रुपयांत जमा व्हायचे आणि त्यातून आपल्या निर्यातदारांना मिळायचे. औषधे, तांदूळ, चहा या खात्यावर टिकले. पुढची वर्षे सुरळीत गेली. माल जात होता, बिले वसूल होत होती.

मे २०१५ मध्ये कंपनीने साऱ्या जगाला चकित केले. इराकच्या अल-नासर एअरलाइन्समार्फत नऊ एअरबस एकदम तिच्या ताफ्यात आल्या आणि त्यांतल्या बहुतेक ए-३४० होत्या. अमेरिकेने अल-नासरवरही लगेच कारवाई केली. आमच्या दृष्टीने मोठे विमान म्हणजे पोटात अधिक कंटेनर. दोन महिन्यांनी, १४ जुलैला इराण आणि मोठ्या राष्ट्रांमध्ये, निर्बंध सैल करण्याच्या बदल्यात अणुकार्यक्रमाला मर्यादा घालणारा अणुकरार झाला आणि जानेवारी २०१६ मध्ये तो अमलात आला. करारानंतर सरकारी इराण एअरने एअरबस आणि बोइंगकडे मिळून १८० विमानांची मागणी नोंदवली. माहानचे नाव मात्र यादीतून निघाले नाही. तरीही तिची विमाने ड्यूसेलडॉर्फ, म्युनिक, पॅरिस, मिलान येथे जात राहिली आणि पूर्वेला चीन व थायलंडपर्यंत तिचे जाळे पसरले. आम्ही पोटमाळा सोडून तळमजल्याची जागा घेतली, कर्ज काढून शीतखोली बांधली आणि रीफर व्हॅन स्वतःची केली.

८ मे २०१८ रोजी अमेरिका करारातून बाहेर पडली. तोपर्यंत इराण एअरच्या त्या १८० मागण्यांतली तीन एअरबस तेवढी पोहोचली होती. माहानपुरते सांगायचे तर नवे निर्बंध लागण्यापेक्षाही मोठी गोष्ट जुलैत घडली: कंपनीच्या मलेशियातल्या विक्री प्रतिनिधीला अमेरिकेने यादीत टाकले आणि सप्टेंबरमध्ये थायलंडमधल्या प्रतिनिधीची पाळी आली. माल घेणारा एजंटही आता सुरक्षित नाही, हा संदेश साऱ्या आशियाला कळला.

त्याचा फायदा घेतला तो आमच्याच रस्त्यावरच्या एका मोठ्या फॉरवर्डरने. त्याचे नाव मी लिहीत नाही. अनेक वर्षे इराणचा माल त्याला नको होता. थंड मालाची कटकट आणि वसुलीला लागणारा वेळ, म्हणून आलेली पार्टी तो स्वतः आमच्याकडे धाडत असे. आम्ही शीतखोली बांधली, आखाती देशांचाही थोडा माल आमच्याकडे येऊ लागला, आणि तेव्हापासून त्याचा सूर बदलला. सप्टेंबरमध्ये त्याने थायलंडच्या बातमीच्या प्रती काढल्या आणि आमच्या पार्ट्यांच्या कचेऱ्यांत नेऊन ठेवल्या. ज्यांचा इराणशी काहीही संबंध नव्हता, ज्यांचा आंबा दुबईला आणि सुटे भाग नैरोबीला जात होते, अशांनाही सांगण्यात आले की या पेढीमार्फत माल दिला तर तुमचा अमेरिकी व्हिसा अडेल, तुमचे डॉलर न्यूयॉर्कला अडकतील. आमचे नाव कोणत्याही यादीत नव्हते, तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. पण एखाद्या निर्यातदाराच्या लेखापालाला ही भीती घातली की तो यादी उघडून बघत बसत नाही, तो एजंट बदलतो. दिवाळीपूर्वीच निम्म्याहून अधिक पार्ट्या गेल्या. ज्या दरात त्याने त्या घेतल्या, तो दर आम्ही त्याच पार्ट्यांना आधी देत होतो. म्हणजे स्वस्ताईसाठी कोणी गेले नाही.

पाठोपाठ आमच्या खासगी बँकेचे पत्र आले. कारण दिलेले नव्हते. ठरावीक मुदतीत खाते बंद करून शिल्लक न्यावी, एवढेच. शीतखोलीचे कर्ज त्याच बँकेचे होते. काका व्यवस्थापकाकडे सगळ्या फायली घेऊन गेले, औषध नियंत्रकाचे दाखले, कस्टमचे आदेश, युको बँकेतून आलेल्या रकमांच्या नोंदी त्यांनी टेबलावर मांडल्या. व्यवस्थापकांनी एकही फाईल उघडली नाही. माझा राग आजही आहे तो याच गोष्टीवर. औषधांच्या व्यापाराला अमेरिकेच्या नियमातही सूट होती. विमान यादीतले होते हे खरे, पण मग आम्हाला दुसऱ्या विमानाने माल पाठवायला सांगता आले असते. तेवढा विचार करण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. व्हॅन विकली, दोन माणसांना जड मनाने दुसरीकडे चिकटवून दिले, आणि कर्जाची परतफेड काकांच्या बदलापूरच्या जागेवर केली.

शेठ मात्र हलले नाहीत. प्रतिस्पर्ध्याने ठेवलेली बातमीची प्रत त्यांनी आम्हालाच आणून दिली आणि पुढच्या मालाचे पॅकिंग कधी करायचे ते विचारले. बँक नसलेल्या काळात विमान भाडे त्यांनी थेट कंपनीला भरले आणि आमचे कमिशन वेगळ्या धनादेशाने दिले. छोट्या पेढ्यांना माझे सांगणे आहे की पार्टी निवडताना तिच्या मालाच्या टनांपेक्षा तिचा मालक स्वतः फोन घेतो की नाही हे पाहावे, आणि कर्ज व चालू खाते एकाच बँकेत कधी ठेवू नये.

२०१९ मध्ये जर्मनी, फ्रान्स आणि डिसेंबरात इटली यांनी माहानला आपले विमानतळ बंद केले. त्याच वर्षी मे महिन्यापासून भारताने इराणचे तेल घेणे थांबवल्यामुळे युको बँकेतला रुपयांचा साठाही आटू लागला. मार्च २०२० मध्ये करोनाच्या लाटेत इराणमध्ये अडकलेले २३४ भारतीय विद्यार्थी आणि यात्रेकरू माहानच्याच विमानाने दिल्लीला परत आले आणि तेथून त्यांना जैसलमेरला नेण्यात आले. त्या रात्री आगासाहेबांनी फोन केला होता. येणाऱ्या विमानाच्या परतीच्या फेरीत शेठची खोकी बसवून घेतो म्हणाले, आणि ती बसवली. त्यानंतर ते निवृत्त होऊन केरमानला गेले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय संघानेही माहानला आपल्या यादीत घातले. सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंध पुन्हा लागू झाले आणि आमच्या वकिलांनी इराणच्या प्रत्येक मालाची नव्याने छाननी करायला सांगितले. ती पुरी होईपर्यंत आम्ही माहानचे बुकिंग घेत नाही. शेठचा बाकीचा माल आता नैरोबी आणि ताश्कंदला जातो. शीतखोली आमच्याच मालकीची आहे, काका सकाळी काटा तपासायला येतात, आणि गेलेल्या पार्ट्यांपैकी दोघे या वर्षी दर विचारायला आले. त्यांना आम्ही दर दिला, तोच, सर्वांना देतो तो.